नोरीनची किंकाळी

नोरीन शेफरइतकी भित्री बाई आमच्या मिलब्रूक गावात दुसरी झाली नाही, आणि हे तुम्हाला सगळ्यात आधी तीच सांगेल. टोस्टरमधून पाव टक्कन वर आला की ती दचकायची. पोस्टमननं दार वाजवलं की दचकायची. नवरा ड्वेन चाळीस वर्षं त्याच घरात राहत होता, तरी तो मोज्यांवर चालत मागून स्वयंपाकघरात आला की हिच्या हातात जे असेल ते खाली. शेवटी बिचारा घरातल्या घरात शीळ वाजवत फिरायला लागला. "लोक गाईच्या गळ्यात घंटा बांधतात, हिनं माझ्या बांधलीय," असं तो चारचौघांत सांगायचा आणि नोरीन त्याला कोपरानं ढोसायची.

आणि ही बाई तीस वर्षं शाळेची बस चालवत होती, आता बोला. पोरं तिच्या सीटवर रबराचा साप ठेवायची आणि बस उभी असताना ती अशी किंचाळायची की मुख्याध्यापक खिडकीत यायचे. पण एकदा स्टिअरिंग हातात आलं, की मग बर्फावरून बस घसरू दे नाहीतर समोरून ट्रक अंगावर येऊ दे, बाईच्या तोंडातून हूं नाही की चूं नाही. पोरं घरोघरी उतरली, शेवटचं दार लागलं, की ती बस कडेला घ्यायची आणि मग निवांत थरथरत बसायची. भीती तिची होती, पण कामाच्या वेळी ती भीतीला म्हणायची, थांब जरा, आणि भीती थांबायची.

आता गिरणीचं सांगतो. गावाच्या टोकाला गुराढोरांच्या खाद्याची जुनी गिरणी आहे, कित्येक वर्षं बंद पडलेली. ऑक्टोबर लागला, शेतातला मका वाळला, घराघरांच्या पायऱ्यांवर भोपळे बसले, की गावचे बंबवाले त्या गिरणीत भुताचं घर उभं करतात. हे बंबवाले पगारी नव्हेत. कोणी न्हावी, कोणी शेतकरी, एक जण शाळेत गणित शिकवतो. कुठे आग लागली की हातातलं काम टाकून धावायचं, आणि बंबाचा खर्च भागावा म्हणून हॅलोविनला भुतं व्हायचं, असा हा वसा. मक्याच्या पाकात लाल रंग कालवून रक्त करतात, करवतीची साखळी काढून ती नुसतीच घरघरवतात, आणि लोक तिकीट काढून घाबरायला येतात.

पहिल्या वर्षी ड्वेन नोरीनला तिथे घेऊन गेला, तेव्हा त्यांच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. आत काय झालं कोण जाणे, पण तिची किंकाळी रस्त्यापलीकडच्या चर्चमध्ये ऐकू गेली आणि तिथे गाण्याची तालीम चालली होती ती थांबली. डोनट घ्यायला आलेली माणसं डोनट हातात घेऊन गिरणीच्या रांगेत उभी राहिली. बंबवाले काही दूधखुळे नव्हते. पुढच्या वर्षी त्यांनी पहिलं तिकीट नोरीनला घरी नेऊन दिलं, आणि मग तो रिवाजच पडला. पहिल्या शुक्रवारी आधी नोरीननं आत जायचं, तिची किंकाळी बाहेर आली की मगच बाकीच्यांना दार उघडायचं. सगळं गाव सफरचंदाचा गरम रस फुंकत कान टवकारून उभं असायचं. ती मुद्दाम ओरडते असं म्हणणारेही होते. त्यांनी ड्वेनचा दंड बघायला हवा होता, आठवडाभर काळानिळा असायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, नोरीनच्या पाठी अख्खं अग्निशमन दल होतं.

ड्वेन गेला त्याला आता दुसरं वर्ष. दारासमोरचा बर्फ काढत होता आणि फावडं हातात धरूनच खाली बसला. नोरीननं खिडकीतून पाहिलं. ती ओरडली नाही. तिनं फोन केला, पत्ता नीट सांगितला, घोंगडी घेऊन बाहेर गेली आणि गाडी येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरून बसली. बस चालवताना असायची तशी. फक्त या वेळी बस कडेला घ्यायची वेळ कधी आलीच नाही. लोक भांडी भरभरून जेवण घेऊन आले, तिनं सगळ्यांचे आभार मानले, भांडी धुऊन परत केली. गेल्या ऑक्टोबरात गिरणी तिच्यावाचून उघडली आणि कोणी तिला काही विचारलं नाही, इतकी लाज गावाला आहे.

आपलं काहीतरी बदललंय हे तिला स्वतःला कळलं ते या सप्टेंबरात. संध्याकाळी गाडीनं घरी येताना एक हरीण अगदी बॉनेटसमोरून उडी मारून गेलं. नोरीननं ब्रेक दाबला, हरीण पलीकडच्या मक्यात शिरलं, आणि ती तशीच पुढे निघाली. बरंच पुढे आल्यावर तिच्या ध्यानात आलं की काळीज जागचं हललंसुद्धा नाही. मग तिला एकेक आठवत गेलं. टोस्टर, पोस्टमन, जुलैतले फटाके. कशानंच ती कितीतरी महिने दचकली नव्हती. भीती वाटेनाशी झाली, आणि त्याचीही भीती वाटेना.

हे तिनं कोणाला सांगितलं नाही. सांगायला घरात होतं कोण, तर आर्डिस.

आर्डिस म्हणजे ड्वेनची थोरली बहीण, नोरीनची नणंद. लग्न केलं नाही, जन्म गावच्या वाचनालयात लोकांना गप्प बसा म्हणण्यात गेला. भावाच्या अंत्यविधीनंतर ती रात्रीच्या जेवणाला म्हणून वहिनीकडे आली आणि त्यानंतर एक दिवस चुकली नाही. रोज संध्याकाळी काठी दारात टेकवून आत यायची, ड्वेनच्या खुर्चीत बसायची आणि सुरू व्हायची. मीठ कमी आहे. घर थंड आहे. पडदे ड्वेन असताना बरे असायचे. नोरीन दात आवळून वाढायची. नणंद ती नणंदच, ओहायोत जन्मली म्हणून काय झालं.

अशाच एका संध्याकाळी बंबवाल्यांचा प्रमुख केंट आला. चाळिशीतला गडी, पण नोरीनच्या बसमध्ये वाढलेला, त्यामुळे तिच्यासमोर बसला की अजून टोपी काढून मांडीवर ठेवतो.

"एक मागणं आहे," तो म्हणाला. "नाही म्हणायचं नाही."

"आधी माग तर."

"हमरस्त्यावर ते नवं भूतघर निघालंय ना, शहरवाल्यांचं. त्यांची भुतं यंत्रावर चालतात. गेल्या वर्षी आमच्याकडे कुत्रं फिरकलं नाही. यंदाही तसंच झालं तर पोरं म्हणतायत, कुलूप लावू."

"मग मी काय करू? भूत होऊ?"

"तुम्ही फक्त या. पहिल्या शुक्रवारी. आधीसारख्या."

नोरीननं त्याच्यापुढे भोपळ्याच्या गोड 'पाय'चा तुकडा ठेवला. "केंट, मला आता भीती नाही रे वाटत."

"ते आमच्यावर सोडा," केंट हसत म्हणाला. त्याला वाटलं बाई आढेवेढे घेतायत.

"येईल ती," ड्वेनच्या खुर्चीतून आवाज आला. "आणि मी सोबत येईन."

"तुला कोणी विचारलं?" नोरीन म्हणाली. "तू तर त्याला पोरखेळ म्हणतेस."

"आहेच तो पोरखेळ. पण एकटी जाणार आहेस का? इतकी वर्षं माझ्या भावाचा दंड पिळलास, आता माझा पीळ."

केंटनं तुकडा संपवला, टोपी घातली आणि दोघी भांडायच्या आत सटकला. नोरीन हो म्हणालीच नव्हती, पण दुसऱ्या दिवशी गावभर झालं की यंदा नोरीन येणार. आता नाही म्हणायची सोय राहिली नाही.

मग तयारी. तयारी म्हणजे आर्डिसची. लढाईला निघाल्यासारखी ती रोज जेवताना बेत मांडायची. जेवण आधी करायचं की नंतर, गाडी कुठे लावायची म्हणजे गुडघ्याला त्रास नको, आत मोरी नाही तेव्हा घरूनच जाऊन यायचं, आणि नोरीननं तो लाल कोट घालायचा.

"तो कशाला? कोपरावर फाटलाय."

"लोक तो ओळखतात. आणि अंधारात कोपर कोण बघतंय?"

"काठी आण मात्र."

"काठी घेऊन भुतं बघायला जाऊ? भुतंच घाबरतील मला."

"ती तशीही घाबरतील," नोरीन म्हणाली, आणि आर्डिसला हे आवडलं असावं, कारण त्या दिवशी मिठाबद्दल ती काही बोलली नाही.

नोरीनची तयारी वेगळी होती आणि ती चोरून चालली होती. किंकाळी येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग खोटी तरी काढता येते का बघावं, म्हणून एका दुपारी ती तळघरात गेली, दार लावलं, डोळे मिटले आणि ओरडली. आवाज निघाला तो म्हशीला हाक मारावी तसा. पुन्हा प्रयत्न केला तर त्याहून वाईट.

"खाली काय झालं?" वरून आर्डिस ओरडली. नेमकी त्या दिवशी ती लवकर टपकली होती. "बॉयलर गेला का?"

"काही नाही. घसा साफ करतेय."

"डॉक्टरला दाखव. तो घसा नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं टीव्हीवर एक भयपट लावला, दिवे घालवून, एकटीनं. खुनी सुरा घेऊन जिना चढत होता आणि नोरीनच्या मनात आलं, या घरातले पडदे धुवायला झालेत. तिनं टीव्ही बंद केला. अंधारात बसल्या बसल्या तिला वाटलं, आपण ड्वेनबरोबर थोडेसे मेलोच आहोत, फक्त कोणी तसा दाखला लिहून दिला नाही.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. त्यापेक्षा केंटला सरळ नाही सांगून मोकळं व्हावं, म्हणून ती गिरणीत गेली. आत ठोकाठोक चालली होती. गणिताचा मास्तर डॅरेल शवपेटीत आडवा पडून झाकण उघडतं का बघत होता. तिला पाहिल्यावर सगळ्यांची धावपळ उडाली. कोणी चादर टाकून काहीतरी झाकलं, कोणी दार आड केलं. घरातल्यांनी वाढदिवसाचा केक लपवावा तसं.

"बघू नका, बघू नका," केंट आडवा आला. "सगळं नवीन केलंय. जुनं तुम्हाला पाठ होतं ना. आणि आर्डिसबाई काल येऊन सगळं सांगून गेल्यात."

"काय सांगून गेली?"

"तुम्हाला कशाची भीती वाटते ते. वरून पडणारे साप. धाडकन लागणारी दारं. आणि मागून कोणी शीळ न वाजवता आलं तर."

"ती इथवर आली? चालत?"

"गुडघा धरून. आम्ही गाडीनं सोडतो म्हटलं तर रागावल्या."

 चादरींखाली लपवलेल्या त्या खटाटोपाकडे बघून नाही म्हणायचं नोरीनच्या जिवावर आलं. डॅरेलला पेटीतून उठायला हात देऊन ती परत आली.

गुरुवारी जेवणं झाल्यावर मात्र तिला राहवलं नाही. ती भांडी घासत होती, आर्डिस मागे खुर्चीत बसून बशा पुसत होती.

"आर्डिस, उद्या माझ्या तोंडून आवाज निघणार नाही."

"मग खोटा काढ. लोकांना काय कळतंय."

"इतकी वर्षं ऐकलाय त्यांनी. कळेल."

"मग नको काढूस. आभाळ नाही कोसळत."

"तुला समजत नाहीये," नोरीन म्हणाली. पाणी वाहत होतं आणि ती त्याच्याशीच बोलल्यासारखी बोलत होती. हरणाचं सांगितलं, टीव्हीचं सांगितलं. "माणूस घाबरतो कधी? काहीतरी जाईल असं वाटतं तेव्हा. माझ्याकडे आता जाण्यासारखं काही उरलंच नाही. कोणीच उरलं नाही. म्हणून नाही वाटत भीती. उद्या ते सगळ्या गावासमोर कळेल, एवढंच."

मागे बशी पुसण्याचा आवाज थांबला. आर्डिसचा चेहरा तेव्हा कसा झाला ते नोरीननं पाहिलं नाही, तिचं तोंड नळाकडे होतं. मग काठी उचलल्याचा आवाज आला.

"उद्या जाड मोजे घाल," आर्डिस म्हणाली, आणि रोजच्यापेक्षा बरीच लवकर घरी गेली.

शुक्रवारी गिरणीपासून चर्चपर्यंत रांग लागली होती. नोरीनचा लाल कोट दिसला आणि लोक बाजूला झाले. तिच्या बसमधली पोरं आता स्वतःची पोरं खांद्यावर घेऊन उभी होती.

"मिसेस शेफर, आमच्यासाठी जोरात," कोणीतरी म्हणालं.

नोरीन हसली. तिला भीती वाटत नव्हती, शरम वाटत होती. आर्डिसनं काठी दारातल्या माणसाकडे दिली, वहिनीचा दंड धरला, आणि दोघी आत गेल्या.

बंबवाल्यांनी जीव ओतला होता, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. शवपेटीचं झाकण उडालं आणि डॅरेल गुरगुरत उठला. नोरीन म्हणाली, "छान झालंय, डॅरेल," आणि भूत बिचारं पुन्हा आडवं झालं. छतातून साप पडले, तिनं ते दोरीवरचे कपडे सारावेत तसे बाजूला सारले. दारं धाडधाड लागली. मागून कोणी गुपचूप येऊन मानेवर गार श्वास सोडला, ते तिला कळलं आणि ती चालत राहिली. उलट आर्डिसचीच गाळण उडाली होती. पोरखेळ म्हणणारी बाई, पण तिची नखं नोरीनच्या दंडात रुतत होती आणि श्वास शिट्टीसारखा वाजत होता. हूं मात्र केलं नाही. जन्मभर लोकांना गप्प बसवलेलं, आता स्वतः कशी ओरडणार.

शेवटची खोली आली. हिरवा मंद दिवा, टांगलेले रबरी मांसाचे तुकडे, आणि रक्तानं माखलेला खाटीक करवत घेऊन पुढे आला. यापुढे बाहेरचं दार. भिंतीपलीकडे सगळं गाव चिडीचूप उभं होतं. नोरीन थांबली. आता काढायलाच हवी, खोटी तर खोटी. तिनं तोंड उघडलं, आवाज काही आला नाही.

आणि दंडावरचा हात सुटला.

मागे धप्प असा आवाज झाला. नोरीन वळली. आर्डिसच्या गुडघ्यानं दगा दिला होता आणि पडताना डोकं गिरणीच्या खांबाला लागलं होतं. ती कुशीवर पडली होती, डोळे मिटलेले, हलत नव्हती.

तेव्हा ती किंकाळी आली. कुठून आली नोरीनलाही कळलं नाही, पोटातून, टाचांतून, दोन वर्षं कडेला उभ्या असलेल्या त्या बसमधून. पूर्वीच्या सगळ्या किंकाळ्या तिच्यापुढे लुटूपुटूच्या. गिरणीचे पत्रे झणझणले, आणि बाहेर गावानं एकच जल्लोष केला. टाळ्या, शिट्ट्या, गाड्यांचे हॉर्न.

आत भुतं हर्षानं वेडी झाली. खाटकानं करवत आणखी जोरात घरघरवली. सांगाडा झालेला बंबवाला दोन्ही हात वर करून नाचला.

"आर्डिस पडलीय," नोरीन ओरडत होती. "दिवे लावा, ती पडलीय."

वा, काय रंगवतात बाई, असंच त्यांना वाटलं. इतकी वर्षं या किंकाळीचा अर्थ एकच होता, कोण थांबणार? खाटीक तिच्याभोवती एक फेरी मारून आला. शेवटी नोरीननं त्याचा मुखवटा धरला आणि ओरबाडून काढला. खाली केंट, घामानं निथळलेला, तोंडभर हसणारा.

"केंट, खरंच पडलीय रे."

त्याचं हसू गेलं. करवत बंद झाली, दिवे लागले, आणि क्षणात त्या खोलीत एकही भूत उरलं नाही. डॅरेल पेटीतून उडी मारून आला, सांगाड्यानं मुखवटा फेकून आर्डिसची नाडी धरली, कोणी स्ट्रेचर आणलं. स्वतःचं काम त्यांना झोपेतही येतं. आर्डिसनं डोळे उघडले, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "इतका उजेड कशाला केलात?" मनगट सुजलं होतं, कपाळावर टेंगूळ आलं होतं, बाकी ती शाबूत होती.

खाटीक आणि सांगाड्यानं तिला स्ट्रेचरवरून बाहेर आणलं, तेव्हा गावाला तो खेळाचाच भाग वाटला. असलं काही हमरस्त्यावरच्या यंत्रांना जमलं नव्हतं. टाळ्या आणखी वाढल्या, नुसती किंकाळी ऐकायला आलेले लोकही रांगेच्या शेपटाला लागले. आर्डिसनं पडल्या पडल्या चांगला हात वर करून सगळ्यांना दाखवला. दुसरा हात, सुजलेल्या मनगटाच्या वर, नोरीननं धरून ठेवला होता आणि ती स्ट्रेचरबरोबर जवळजवळ धावत होती.

अँब्युलन्समध्ये केंटनं मनगटाला पट्टी बांधली आणि पुढे जाऊन बसला. गाडी निघाली.

"दंड सोड," आर्डिस म्हणाली. "रक्त थांबवशील माझं."

नोरीननं सोडला नाही.

"आणि एवढं काय ओरडायचं? कान गेले माझे." मग तिनं तोंड खिडकीकडे वळवलं, आणि तिचा आवाज एकदम लहान झाला. "मीच तर पडले होते. कोणीच उरलं नाही म्हणाली होतीस ना?"

नोरीननं तो दंड आणखी घट्ट धरला, तिच्या दातांवर दात आपटत होते. तिचं सगळं अंग कापत होतं. ती भयंकर घाबरली होती.